एका दिवसाचा पगार

२४ नोव्हेंबर २०१९, रविवार, दुपारी बारा ते दीड. रक्कम एकवीसशे रुपये, रोख. हजर: माइकवर मी, देवळाच्या पायरीवर गावचा मानकरी, पुढच्या रांगेत माझी आई, मांडवात सुमारे दीडशे माणसं, आणि खांबाला टेकून, इस्त्रीच्या शर्टात, माझा धाकटा भाऊ. रक्कम त्याची होती.

आमच्या गावात जत्रेच्या दिवशी देवाला एका दिवसाचा पगार द्यायची रीत आहे. गाव मालवणपासून अकरा किलोमीटर आत. रीत मुळात शहाण्या माणसाने घातली असावी. पूर्वी जत्रेआधी प्रत्येक घरातला एक जण एक दिवस देवळाच्या कामाला जायचा. कोणी चिरे वाहायचा, कोणी कौलं परतायचा. कामावर आलेल्याला पेज मिळायची, मोठेपणा मिळायचा नाही. पुढे माणसं मुंबईला चाकरीला गेली तेव्हा ठरलं, की ज्याला येता येत नसेल त्याने त्या दिवसाचा पगार पाठवावा. इथपर्यंत ठीक. मग कोणा दीडशहाण्याने माइक भाड्याने आणला आणि यादी वाचून दाखवायचं ठरवलं. त्या दिवसापासून गावातला एकही माणूस खरा पगार सांगेनासा झाला.

यादी मी वाचतो, कारण माझे उच्चार स्पष्ट आहेत आणि मी बेरजेत चुकत नाही. मी विकास सोसायटीचा गटसचिव. माझा पगार अठरा हजार तीनशे नव्वद. भागिले तीस, सहाशे तेरा. मी दर वर्षी सहाशे तेरा देतो आणि स्वतःचं नाव स्वतःच वाचतो. त्या वेळी मांडवात हशा पिकतो. गावातली अर्धी माणसं मला नावाने ओळखत नाहीत.

"ओ सहाशे तेरा, एश्टी गेली काय?"

"गेली. साडेनवाची नऊ एकेचाळीसाक गेली."

त्या दिवशी यादीत चौऱ्याण्णव नावं होती. बेरीज एक लाख एकतीस हजार सहाशे. सरासरी दर माणशी चौदाशे, म्हणजे महिन्याला बेचाळीस हजार. म्हणजे यादी खरी मानली तर आमच्या गावची चौऱ्याण्णव माणसं दरमहा एकोणचाळीस लाख अठ्ठेचाळीस हजार रुपये कमवत होती. त्यातली तीसएक माणसं जत्रेला एका आयशर टेम्पोच्या हौद्यात बसून आली होती, भाडं वाचवायला. टेम्पो देवळामागे उभा होता, त्याच्यावर ताडपत्री होती, आणि हे सगळ्यांना दिसत होतं.

भावाचं नाव सदतिसावं. "एका दिवसाचा पगार, रुपये दोन हजार शंभर." आईने मागे वळून पाहिलं, कोणकोण ऐकतंय ते. भावाने केसांवरून हात फिरवला.

भाऊ भिवंडीजवळ एका गोदामात सुपरवायझर होता. दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत बायको आणि मुलीबरोबर राहायचा. त्याचा पगार एकवीस हजार पाचशे. मला माहीत होतं, कारण त्याच्या पगाराच्या पावत्या माझ्याकडे यायच्या, त्याचे सगळे कागद मीच भरतो. त्याचा एका दिवसाचा पगार सातशे सतरा होतो. म्हणजे तो जवळजवळ तीन दिवसांचा पगार देऊन एका दिवसाचा म्हणून सांगत होता, आणि असं चार वर्षं चाललं होतं. लोक खोटं बोलून पैसे मिळवतात असं ऐकलं होतं. खोटं बोलायला पदरचे पैसे घालणारी माणसं मी फक्त आमच्या गावात पाहिली.

आमच्या गावचाच एक जण मालवणात हॉटेल चालवतो. खाली जेवण, वर सहा खोल्या. तो दर वर्षी पाच हजार एक देतो. यादी संपल्यावर त्याने भावाच्या पाठीवर थाप मारली.

"एकवीसशे म्हणजे त्रेसष्ट हजार महिन्याक. बरो पुढे गेलस रे!"

"चललाहा आपला देवाच्या कृपेन," भाऊ म्हणाला.

मग मानकऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुज्या लेकरांनी घामाची एक दिवसाची कमाई तुज्या पायाकडे ठेवली हा, ती गोड मानून घे."

दीडशे माणसं एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!"

मीही म्हणालो.

पुढच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. गोदामाने भावाला तीन महिने अर्धा पगार दिला, मग पाव, आणि ऑगस्टअखेर गोदामच बंद केलं. देशात मंदी आली आहे असं वर्तमानपत्रात आलं ते नंतर. आमच्या घरी ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एसटीने आली, दोन बॅगा आणि एक मिक्सर घेऊन. मिक्सर कशाला आणला विचारलं, तर भाऊ म्हणाला, "आईक." आईकडे मिक्सर होता, मीच घेतलेला. तो रिकाम्या हाताने येऊ शकत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

बायको आणि मुलगी दिव्यालाच राहिल्या. खोलीचं डिपॉझिट चाळीस हजार, भाडं साडेसहा हजार. घरमालकाने भाडं डिपॉझिटमधून कापायचं मान्य केलं. सहा महिन्यांचे एकोणचाळीस हजार. म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या एक तारखेला खोली खाली करायची.

मी कागद घेऊन बसलो. माझ्या घरात आई, बायको, मुलगा आणि मी. भात घरचा, नारळ घरचे. आईची औषधं, मुलाचं शिक्षण, वीज, किराणा जाऊन महिन्याला बावीसशे उरायचे. त्यात आणखी तीन माणसं, त्यातली एक पुढच्या वर्षी दहावीत जाणारी. मी तीनदा मांडलं. तिन्ही वेळा सहा हजार कमी पडले. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं: फेब्रुवारी संपायच्या आत भावाला इथे काम मिळालं, तर दोघींना इकडे आणायचं. नाही मिळालं, तर त्या भावजयीच्या माहेरी फोंडाघाटला जातील आणि भाऊ जिथे मिळेल तिथे. फोंड्याला भावजयीच्या भावाचं चहाचं हॉटेल आहे. तिथे तिला मागच्या दाराशी कपबशा विसळायला बसावं लागेल आणि मुलीलाही, हे तिने फोनवर सांगितलं नाही. आम्हाला माहीत होतं.

मालवण शहरात नोकऱ्या किती प्रकारच्या, ते मी एका हाताच्या बोटांवर सांगतो. हॉटेलं आणि लॉज, किल्ल्याच्या आणि स्कुबाच्या होड्या, मासळी आणि तिला लागणारा बर्फ, बाजारातली दुकानं, आणि सरकारी कचेऱ्या. कचेरीत शिरायला वशिला लागतो, तो सोडून द्या. बाकी चारही ठिकाणी त्या वर्षी मालकांनी माणसं घरी पाठवली होती. परप्रांतातले आचारी आणि खलाशी आपापल्या गावी गेले आणि बरेचसे परतले नाहीत. मग दिवाळीनंतर पर्यटक असे लोटले, की जसं काही शहरात फुकट वाटप होतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी जेट्टीकडे उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या. एकशे सोळा. त्यातल्या एकाहत्तर कोल्हापूरच्या.

त्याच दिवशी मी हॉटेलवाल्याच्या दारात उभा होतो. टेबल रिकामं व्हायची वाट बघत बाहेर बावीस माणसं ताटकळत होती. त्याने अकरापैकी सहाच कामगार परत घेतले होते, तेही अर्ध्या पगारावर, उरलेला अर्धा सीझन संपल्यावर देतो सांगून, आणि त्या सहांकडून अकरांचं काम करून घेत होता. सुरमईची थाळी मात्र साडेतीनशेवरून चारशे वीस झाली होती.

"काय करूचा, मंदी आसा ना," तो म्हणाला आणि गल्ल्यात नोटा कोंबल्या.

मंदी हा शब्द तोवर बाजारात सगळ्यांना पाठ झाला होता. खरोखर ज्यांचं बसलं होतं ते तो कमी उच्चारायचे. ज्यांची हॉटेलं भरलेली होती ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे, पगाराच्या तारखेला तर अकरा वेळा.

मुद्दा हा, की कामं होती. माणसं गेली होती आणि त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. भावाला गोदामातलं सगळं येत होतं: माल मोजणं, चढवणं-उतरवणं, नोंद ठेवणं, हमालांशी भांडणं. आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो आणि पहिल्यांदा बर्फाच्या कारखान्यात गेलो. मालक ख्रिस्ती, पासष्टीचा. मच्छीमारांना बर्फाच्या लाद्या पुरवतो. त्याचा लाद्या मोजणारा माणूस बेळगावला गेला तो गेलाच, हे आम्हाला बाजारात कळलं होतं.

"होय, माणूस होयो माका," तो म्हणाला. "कोण आसा तुमच्या बघण्यात?"

"मीच," भाऊ म्हणाला.

म्हातारा हसला. आधी त्याला थट्टा वाटली. मग त्याने चष्मा काढून भावाकडे नीट बघितलं.

"तू दिवसाक एकवीसशे घेणारो. माज्या बर्फात कित्या उभो रवतलस? उद्या मुंबई सुरू झाली की पळतलस. माका टिकणारो होयो, बाबा."

"तुमकां कोणी सांगल्यान एकवीसशे?"

"माझो डायवर तुमच्या गावचो. तुमच्या जत्रेची यादी अख्ख्या बाजाराक तोंडपाठ आसा. ह्यांचे सुद्धा सांगू? सहाशे तेरा." त्याने माझ्याकडे बोट केलं.

भावाने त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. सात शब्दांचं काम होतं. तो म्हणाला, "नाय, तसां नाय, सध्या जरा टायमपास म्हणान..." टायमपास! म्हाताऱ्याने चहा पाजला आणि आम्हाला वाटेला लावलं. त्याचं काय चुकलं? मी मालक असतो तर मीही हेच केलं असतं.

सिमेंट आणि पत्र्याच्या दुकानात तेच. तिथला मालक म्हणाला, "माज्या मॅनेजराक अठरा देतंय. तुका खंय बसवू, त्याच्या डोक्यार?"

मग हॉटेलवाला. त्याला कोठीवर माणूस हवा होता, त्याने दारावर पाटी लावली होती. भावाने त्या पाटीबद्दल विचारलं तर तो दुखावला.

"अरे येडो काय तू? तू कोठीर बसतलस? तू पार्टनर हो. पाच लाख घाल, वरती तीन रूम काढूया, फायद्यात रुपयाक चार आणे तुजे." मग त्याने टेबलावर बोटाने हिशेब मांडला. "त्रेसष्ट गुणिले बारा, गुणिले धा वर्सां. पंच्याहत्तर लाख साठ हजार. खाऊन-पिऊन अर्धे तरी उरले असतीत ना?"

मी भावाकडे पाहिलं. त्याच्या खिशात त्या वेळी दोनशे दहा रुपये होते. सकाळी मी तीनशे दहा दिले होते, त्यातले शंभर पेट्रोलला गेले.

भाऊ खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, "विचार करतंय. जरा मार्केट बघूया."

मला माझ्या सख्ख्या भावाची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

मार्केट बघूया म्हणाल्याची बातमी गावात आमच्या आधी पोचली. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, माणसांची रीघ लागली, आणि एकही जण नोकरी घेऊन आला नाही. एकाला काजूचं यंत्र घ्यायला दोन लाख हवे होते. एकाला खेकडे पाळायला साडेतीन लाख. आमचा एक चुलतभाऊ एक लाख उसने मागत होता, व्याजाशिवाय, कारण आपल्यातच. देवस्थान समितीला नव्या कर्ण्यांसाठी पंचवीस हजार, मागचे पुरेसे लांब ऐकू जात नाहीत म्हणून. हॉटेलवाल्याचे पाच लाख धरून एकूण मागणी अकरा लाख पंच्याहत्तर हजार. सगळ्यांना आई चहा करायची. दूध आणि साखर माझी.

डिसेंबर उजाडला. फेब्रुवारीअखेरला तीन महिने राहिले. एका सकाळी भाऊ पडवीत नारळ सोलत होता. मी सोसायटीत निघालो होतो, तो थांबलो.

"तू तेंका खरां कित्या सांगणस नाय?"

"काय सांगू? चार वर्सां खोटां सांगी होतंय म्हणान?"

"होय. तसांच."

"आणि मगे गावात तोंड खंय दाखवू?"

"तोंड दाखवूक पैशे लागत नाय. पोरीक शाळेत घालूक लागतत."

त्याने कोयता खाली ठेवला. "दादा, तू मोठो खरो माणूस. पण एकवीसशे माइकवर वाचलस कोणी? माझी पगाराची पावती तुज्या कपाटात होती. चार वर्सां तुज्या आवाजात गावान ऐकला. आता माका शिकवतस?"

मी स्वतःचा भागाकार बिनचूक करत होतो आणि बाकी त्र्याण्णव जणांचं खोटं स्पष्ट उच्चारात वाचत होतो. उलट मनातल्या मनात प्रत्येक आकड्यामागे खरा आकडा मांडून मजा घ्यायचो. गावाला हसण्यातच माझं सगळं शहाणपण खर्च झालं होतं.

आई आतून बाहेर आली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "माका म्हायत होता."

"काय म्हायत होता?"

"म्हयन्याक दोन हजार धाडी होतो माका. त्रेसष्ट हजारवालो दोन हजार धाडीत? मी काय शाळेत गेलंय नाय म्हणान माका मोजूक येणा नाय?" मग म्हणाली, "पण यादीत ऐकलंय की बरां वाटा."

भावाने उरलेले नारळ सोलले. बेचाळीस. 

जत्रा त्या वर्षी १२ डिसेंबरला, शनिवारी आली. पन्नास माणसांची परवानगी होती. मी मोजली, त्र्याऐंशी होती. यादीत एकसष्ट नावं. त्यातल्या निदान वीस जणांच्या नोकऱ्या गेल्या आहेत हे मला पक्कं माहीत होतं. कारण ते सोसायटीत येऊन रेशनचं आणि कर्जाचं विचारून गेले होते. त्यांच्या चिठ्ठ्या वाचत होतो: एका दिवसाचा पगार पंधराशे. एका दिवसाचा पगार अठराशे. ज्याची नोकरी एप्रिलात गेली, त्याचा डिसेंबरात एका दिवसाचा पगार अठराशे कसा, ते देवालाच ठाऊक. आणि ते अठराशे त्याने कोणाकडून उसने घेतले तेही मला ठाऊक होतं.

माझे सहाशे तेरा वाचून झाले. एकसष्ट नावं संपली. तेवढ्यात भाऊ पुढे आला आणि माझ्या हातात कागद दिला. वहीचं पान, त्याच्या अक्षरात.

"ह्या वाच. लिवलाहा तसां."

मी आधी मनात वाचलं. मग माइकवर वाचलं. तो कागद माझ्याकडे आहे, म्हणून शब्द न् शब्द देतो:

"मागील साली माझ्या नावाने वाचलेले रुपये एकवीसशे हा एका दिवसाचा पगार नव्हता. पगार महिना एकवीस हजार पाचशे होता. त्याआधीची तीन वर्षंही तसंच. ऑगस्टअखेर नोकरी सुटली. चालू साली एका दिवसाचा पगार शून्य. साठवलेले पैसे नाहीत. कोणाला देण्यासारखे नाहीत. गोदामाचं काम, मोजणी आणि भराई-उतराई येते. दहा हजारांच्या वर काहीही चालेल. कायम राहीन."

कर्णे जुने असले तरी खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं असणार.

पहिला आवाज हॉटेलवाल्याचा. "ह्यो काय देवाच्या दारात नोकरीचो अर्ज?"

"अर्जार तिकीट लावलस काय रे?" मागून कोणी तरी. मग हशा. बऱ्यापैकी मोठा हशा, आणि त्यात सगळ्यांत मोठ्याने हसणारे ते अठराशेवाले.

आई पुढच्या रांगेत बसली होती. ती मागे वळली नाही.

मानकरी गोंधळला. हळूच मला म्हणाला, "पावतीचा काय करूचा? शून्याची पावती फाडूची?"

"फाडूची."

मी पावती फाडली. क्रमांक बासष्ट. अक्षरी रुपये शून्य फक्त. भावाने ती घडी करून खिशात ठेवली. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "घामाची एक दिवसाची कमाई" ह्या ठिकाणी तो किंचित अडखळला, पण पाठ असलेलं माणूस सहसा बदलत नाही. लोक "होय म्हाराजा" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून खळ्यातली रीघ थांबली. चुलतभावाने रस्त्यात ओळख दाखवली नाही. काजूवाला म्हणाला, की त्याला आधीपासूनच संशय होता. हॉटेलवाल्याने मात्र निरोप पाठवला: कोठीची जागा आहे, सहा हजार, जेवण फुकट, सकाळी सात ते रात्री अकरा. मंदी आसा. पंधरा दिवसांपूर्वी हाच माणूस त्याला भागीदार करून घेत होता. त्याच्या दारावरच्या पाटीवर आधी नऊ हजार लिहिलेलं होतं, मी वाचलं होतं. माणूस गरजू आहे हे कळल्याबरोबर त्याने तीन हजार कापले.

"जाऊ?" भावाने विचारलं.

"सात ते अकरा म्हणजे सोळा तास. सहा हजार भागिले तीस, भागिले सोळा. तासाक साडेबारा रुपये. नको जाव."

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, बर्फवाल्याचा ड्रायव्हर दारात आला. आम्ही दोघं गेलो. म्हाताऱ्याने ह्या वेळी चहा पाजला नाही, थेट बोलला.

"माझ्या डायवरान सांगला. तुका कायम रवाचा आसा असां तू देवळात बोललस?"

"होय."

"माका तुमच्या देवळाचा काय नाय. पण दीडशे माणसां हसतली म्हायत असान जो बोलता, तो लादी चोरूचो नाय."

"त्र्याऐंशी होती," मी म्हणालो.

"काय?"

"माणसं. दीडशे नाय. त्र्याऐंशी."

म्हाताऱ्याने माझा नाद सोडला. मग भावाला म्हणाला, "बारा हजार. सा महिन्यांनी बघूया. उद्या सकाळी पाचाक ये, होडये भरूक येतत."

१६ डिसेंबरला भाऊ कामावर गेला. पहिल्या आठवड्यात त्याचे हात फुटले. बर्फाची लादी हातमोज्यातूनही चावते असं तो सांगायचा. महिन्याभरात त्याने पकडून दाखवलं, की लादी ट्रकमध्ये चढेपर्यंत जेवढी वितळते असं आधीचा माणूस सांगायचा, त्याच्या निम्मीच वितळते. उरलेलं मागच्या दाराने जात होतं. मालकाने त्याला शाबासकी दिली नाही, पण मागच्या दाराची किल्ली दिली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात भावजय आणि पुतणी आल्या. डिपॉझिटचे एक हजार उरले होते. ते घरमालकाने दिले नाहीत, भिंतीवर खिळे मारले म्हणून रंगकामात कापले. चार खिळे. अडीचशे रुपयांना एक. पुतणीला जूनमध्ये मालवणच्या शाळेत दहावीला घातलं. फोंडाघाटला दोघी गेल्या, पण पाहुण्या म्हणून, चार दिवस. सहा महिन्यांनी म्हाताऱ्याने पगार वाढवला: चौदा हजार चारशे. मी कागदावर पुन्हा मांडलं. सात माणसं बसली, वर थोडे उरले.

आता शेवटची यादी. १ डिसेंबर २०२१, बुधवार. मांडव पुन्हा भरलेला, टेम्पो पुन्हा देवळामागे. आदल्या आठवड्यात मी समितीला सांगितलं होतं, की यादी वाचूच नका, पेटीत टाका. बैठकीत एकोणतीस जण होते. माझ्या बाजूने दोन हात वर झाले, त्यातला एक माझा. मग मी म्हणालो, ठीक आहे, वाचतो. पण जो पगाराची पावती दाखवेल त्याचा "एका दिवसाचा पगार" म्हणेन. जो दाखवणार नाही त्याची "देणगी" म्हणेन. समितीला ह्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांना फरक कळला नव्हता.

माइकवर कळला. नव्वद नावं होती. मी शांतपणे वाचत गेलो. देणगी, रुपये पंधराशे. देणगी, रुपये दोन हजार. विसाव्या नावाला मांडवात कुजबुज सुरू झाली. हॉटेलवाल्याचं नाव आल्यावर तो उभाच राहिला.

"देणगी कसली? पगार म्हण ना! दर वर्सा म्हणतस ता म्हण!"

"तुजो पगार कोण देता?" मी माइकवरूनच विचारलं.

"मी मालक!"

"मगे तुजी देणगी. पगार तू देतस तो. सहांचो अर्धो द्यायचो रवलो हा."

ह्यावर मांडवात कोणी हसलं नाही, कारण त्या सहांतले चौघं मांडवात बसले होते. तो खाली बसला. पावती मात्र त्याने पाच हजार एकचीच घेतली.

पावती दाखवलेले एकूण चौघं. दोघं कुडाळला कारखान्यात जाणारे, त्यांचे पाचशे वीस आणि तीनशे नव्वद. एक मी. आणि एक भाऊ, ज्याने बर्फाच्या कारखान्याच्या छापील कागदावर मालकाची सही आणली होती. बाकी शहाऐंशी देणग्या. गाऱ्हाणं नेहमीप्रमाणे झालं, शब्द तेच.

हॉटेलातल्या सहा कामगारांचा राहिलेला अर्धा पगार, माणशी पाच हजार, सहा महिने, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. तो कोणाला मिळाला नाही. देवाला पाच हजार एक मिळाले.

भावाचे चौदा हजार चारशे भागिले तीस, चारशे ऐंशी रुपये, रोख, देवस्थानाला. पावती मी फाडली.